‘बीपीए-फ्री’ लिहिलंय, तेवढं पुरे का?

सात महिन्यांच्या बाळाच्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बाळाला दात येतायत, टीदर म्हणजे चावायचं खेळणं दिवसभर तोंडात असतो. घरातल्या बाटल्या, सिपर, टीदर या सगळ्यांवर ‘बीपीए-फ्री’ छापलेलं आहे. तरी अशाच वस्तूंत घातक रसायनं सापडल्याच्या बातम्या येत राहतात. मग बंदी नेमकी कशावर आहे? घरातलं काय ठेवायचं, काय काढून टाकायचं? आणि थोरल्याला एका जुन्या, टणक पारदर्शक बाटलीने वर्षभर दूध पाजलं, त्याचं काय?

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. वीसहून अधिक वर्षं लहान मुलांच्या वस्तू तपासायचं काम करते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी टेबलावर आलेल्या सॅम्पलकडे बघते तसंच बघणार.

आधी शिक्क्याविषयी. ‘बीपीए-फ्री’ हा दावा बहुतेक वेळा खरा असतो. पण तो एकाच रसायनाबद्दल असतो. अमुक एक नाही एवढं तो सांगतो. त्याच्या जागी काय घातलं, हे सांगायची जबाबदारी त्याच्यावर नाही. तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे, आणि कायद्याचीही बरीच वर्षं इथेच अडली.

बीपीए म्हणजे बिसफेनॉल ए. हे रसायन 1891 मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ दियानिन यांनी प्रथम तयार केलं. पुढे 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, तेव्हा या रेणूत स्त्री-संप्रेरकासारखा गुण आहे हे दिसून आलं. औषध म्हणून तो मागे पडला, पण प्लॅस्टिकच्या उद्योगाने उचलला. पॉलिकार्बोनेट हे काचेसारखं स्वच्छ, पडलं तरी न फुटणारं प्लॅस्टिक म्हणजे बीपीएच्या रेणूंची एकात एक गुंफलेली लांबलचक साखळी. ही साखळी कडकडीत गरम पाण्याने आणि अल्कलीयुक्त साबणाने हळूहळू तुटते आणि सुटे झालेले रेणू दुधात उतरतात. जुनी, ब्रशने घासून घासून धुरकट झालेली बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आतल्या बाजूला बारीक चऱ्यांचं जाळं दिसतं. दूध आणि प्लॅस्टिक यांचा जिथे संबंध येतो, तो पृष्ठभाग त्या चऱ्यांमुळे वाढत जातो. नवी बाटली आणि सहा महिने रोज उकळलेली बाटली या माझ्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

बाळाचा वेगळा विचार का करायचा, ते एका हिशोबात कळेल. पहिल्या काही महिन्यांत बाळ वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 150 मिली दूध पितं. 60 किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात प्यायचं म्हटलं तर दिवसाला 9 लिटर होतात, तेही एकाच भांड्यातून. शिवाय अशी रसायनं निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते. मेंदू, जननेंद्रियं, थायरॉइड यांची जडणघडण चालू असते, आणि ती संप्रेरकांच्या अगदी सूक्ष्म मात्रांच्या इशाऱ्यांवर चालते. म्हणून मोठ्यांसाठी ठरवलेली मर्यादा बाळाला तशीच लावणं मला कधीच पटलेलं नाही.

आता बंदीकडे. बीपीए असलेल्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी आणणार, असं कॅनडाने 2008 मध्ये जाहीर केलं आणि 2010 मध्ये ती लागू केली. युरोपीय संघाने 2011 मध्ये पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बंद केल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 मध्ये बाटल्या आणि सिपर यांतला पॉलिकार्बोनेटचा वापर परवानगीतून काढला. भारतीय मानक ब्युरोनेही 2015 च्या मानकात दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट नाकारलं. यातलं अमेरिकेचं उदाहरण नीट समजून घ्या. तिथे ‘हे असुरक्षित आहे’ या कारणावरून परवानगी काढलेली नव्हती. उत्पादकांनी हा वापर आधीच सोडून दिला आहे, या कारणावरून ती काढली, आणि तसा अर्ज खुद्द रसायन-उद्योगाच्या संघटनेने केला होता. पालकांनी खरेदी थांबवली, उद्योग बाजूला झाला आणि नियम सगळ्यात शेवटी आला. परिणाम चांगलाच झाला, पण एक गोष्ट राहून गेली. बीपीएच्या जागी जे येईल ते आधी तपासून घ्या, असं कुणी कुणाला सांगितलं नाही.

त्यामुळे त्याची भावंडं आली. बिसफेनॉल एस, बिसफेनॉल एफ. रेणूची ठेवण जवळपास तीच, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत संप्रेरकांची नक्कल करण्याचा गुणही बऱ्याच अंशी तोच. मधाच्या रंगाची हलकी झाक असलेल्या पारदर्शक बाटल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिइथरसल्फोन, बिसफेनॉल एसपासूनच बनतं. ते पॉलिकार्बोनेटपेक्षा उष्णतेला खूप चांगलं टिकतं आणि त्यातून बाहेर येणारं प्रमाणही कमी असतं, हे मान्य केलंच पाहिजे. तरी त्यावर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेलं वाचून आईची जी समजूत होते, ती चुकीची असते.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये बीपीएचं रोजचं सुरक्षित प्रमाण शरीराच्या दर किलोमागे 4 मायक्रोग्रॅम धरलं होतं. एप्रिल 2023 मध्ये त्याच संस्थेने ते 0.2 नॅनोग्रॅमवर आणलं, म्हणजे 20,000 पट खाली. सगळ्याच देशांच्या तज्ज्ञांना एवढी मोठी घट पटली नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने उघडपणे वेगळं मत मांडलं. पण त्यातून पुढे आलेला युरोपचा डिसेंबर 2024 चा नियम मला योग्य दिशेचा वाटतो. त्यात अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंतला बीपीए तर गेलाच, शिवाय घातक म्हणून वर्गीकृत झालेली इतर बिसफेनॉलंही त्याच कक्षेत आली. एकेका रसायनाच्या मागे धावण्याऐवजी पूर्ण कूळ पकडायचं, ही मागणी माझ्यासारखे लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत.

टीदरची गोष्ट निराळी आहे. तिथे बीपीएपेक्षा मला नेहमी काळजी वाटली ती थॅलेटची. पीव्हीसी मुळात कडक, ठिसूळ प्लॅस्टिक. ते हिरड्यांना सोसेल असं मऊ करायचं तर त्यात तेलकट द्रव, बहुधा थॅलेट, मिसळावा लागतो आणि तो वजनाच्या 30-40 टक्क्यांपर्यंत असू शकतो. हा द्रव प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो. दाबलं, चोखलं, कोमट लाळेत भिजवलं की तो बाहेर येतो.

एक सॅम्पल मला अजून आठवतं. मऊ, फिकट निळी कडी, सोबत ‘डीईएचपी हे थॅलेट यात नाही’ असं लेखी पत्र. कडीचे बारीक तुकडे करून द्रावकात ठेवले, गाळलं, द्रावक उडवून दिलं. काचेच्या भांड्याच्या तळाशी जाड, पिवळसर तेलाचा थर उरला; भांडं तिरकं केलं की तो मधासारखा सरकायचा. यंत्रावर चढवल्यावर कळलं की पत्रात नाव घेतलेलं डीईएचपी खरोखरच नव्हतं. डीआयएनपी होतं, तेही थॅलेटच. उत्पादकाला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं: आम्हाला विचारलेलं नाव यात नाही. तो खोटं बोलत नव्हता. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता. ती कडी कुठल्या तरी बाळाच्या तोंडात जाणार होती, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

थॅलेटच्या बाबतीत कायदा तुलनेने लवकर शहाणा झाला. युरोपने 1999 मध्ये तोंडात घालायच्या मऊ पीव्हीसी वस्तूंवर तात्पुरती आणि 2005 मध्ये कायमची बंदी घातली: तीन थॅलेट सर्व खेळणी व बालोपयोगी वस्तूंत, आणखी तीन तोंडात जाऊ शकणाऱ्या वस्तूंत, आणि मर्यादा वजनाच्या 0.1 टक्के. अमेरिकेने 2008 च्या कायद्यात तीच मर्यादा घेतली. 2017 मध्ये यादी आठ थॅलेटची झाली, आणि ती करताना त्यांनी परिणामांची बेरीज केली. ही रसायनं पुरुष-संप्रेरकाच्या कामात एकाच प्रकारे अडथळा आणतात, त्यामुळे प्रत्येकाचं थोडं थोडं प्रमाण वेगळं मोजून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. बाळाच्या शरीरात ती एकत्रच येतात.

ही मर्यादा वस्तूत किती आहे यावर ठेवली आहे, लाळेत किती उतरतं यावर ठेवलेली नाही. त्यामागे कारण आहे. 1990 च्या दशकाअखेर नेदरलँड्समध्ये प्रौढ स्वयंसेवकांना पीव्हीसीचे तुकडे तोंडात चघळायला देऊन त्यांची लाळ गोळा केली गेली. माणसागणिक आकडे फार बदलत होते. बाळाच्या जबड्याची नक्कल करणारं यंत्र कसं असावं, यावर एकमत होईना. अशा वेळी ‘आत घालूच नका’ हा नियम सोपा आणि भक्कम असतो. प्रयोगशाळेत त्यावरून वाद होत नाहीत.

रबराच्या निपलचा नियम तर मला विशेष आवडतो. रबर घट्ट करताना वापरलेल्या रसायनांपासून नायट्रोसामाइन तयार होतात. त्यांतली बरीच कर्करोगकारक आहेत. युरोपच्या 1993 च्या निर्देशानुसार निपल किंवा चोखणी कृत्रिम लाळेत 40 अंशांवर 24 तास ठेवायची आणि मग मोजायचं. नायट्रोसामाइन किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच्या आत हवं. शिवाय ज्या द्रव्यांपासून नंतर नायट्रोसामाइन बनू शकतं, तीही 0.1 मिलिग्रॅमच्या आत हवीत. म्हणजे आज वस्तूत काय आहे यासोबत बाळाच्या तोंडात आणि पोटात गेल्यावर त्याचं काय होईल, याचाही विचार नियम करणाऱ्यांनी केला. बिसफेनॉलच्या बाबतीत हीच दूरदृष्टी 2008 मध्ये दाखवली असती तर आज तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

मग तुम्ही वाचलेल्या बातम्या? त्यातली एक बहुधा 2016 च्या अमेरिकी अभ्यासाची असेल. 59 टीदर विकत घेऊन ते पाण्यात ठेवले आणि पाण्यात काय उतरतं ते पाहिलं. बहुतेकांवर ‘बीपीए-फ्री’ किंवा ‘बिनविषारी’ लिहिलेलं होतं, तरी जवळपास सगळ्यांतून बीपीए आणि पॅराबेन नावाची जंतुरोधकं सापडली. मात्र प्रमाण फार कमी होतं, तेव्हाच्या सुरक्षित मर्यादांपेक्षा खूप खाली. यात दुहेरी अडचण आहे. दुधाच्या बाटल्यांवरची बंदी टीदरला आपोआप लागू होत नाही, कारण बाटली अन्नाच्या भांड्यांच्या नियमात येते आणि टीदर खेळणी किंवा बालोपयोगी वस्तूंच्या. युरोपने तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतून उतरणाऱ्या बीपीएची मर्यादा 2018 पासून लिटरमागे 0.04 मिलिग्रॅम केली, पण ती बाटलीपेक्षा वेगळ्या कायद्यात आणि सात वर्षांनी. बाळाच्या दृष्टीने दोन्ही वस्तू तोंडातच जातात. नियमाची सुरुवात तोंडापासून व्हायला हवी. वस्तू कुठल्या खात्याची, हे नंतर बघता येईल. पॅराबेन किंवा ट्रायक्लोसानसारखी जंतुरोधकं चावायच्या वस्तूत असायचं काही कारणच नाही. तिथे मर्यादा ठरवत बसण्यापेक्षा ती सरळ नाकारावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घरातलं बघू. बाटलीच्या तळाशी त्रिकोणातला आकडा शोधा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दुधट रंगाचं. त्यात ना बिसफेनॉल लागतं ना थॅलेट. 7 म्हणजे ‘इतर’. त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि दुसरी चांगली प्लॅस्टिकंही, म्हणून नुसता 7 बघून घाबरू नका. शेजारी ‘पीसी’ ही अक्षरं असतील किंवा बाटली जुनी, टणक, काचेसारखी आणि काही माहिती नसलेली असेल तर ती काढून टाका. चऱ्या पडलेली, धुरकट झालेली कुठलीही प्लॅस्टिकची बाटली बदलावी. काच आणि स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धोक. काचेच्या बाटलीवर बाहेरून रंगीत चित्रं असतील तर मात्र मी ती घेत नाही, कारण अशा रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं.

पॉलिप्रॉपिलीनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या 2020 च्या अभ्यासात या बाटल्यांतून लिटरमागे 1 कोटी 62 लाखांपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिक कण निघाले, आणि पाणी जितकं गरम तितके ते जास्त. इकडे पावडरचं दूध किमान 70 अंशांच्या पाण्यात कालवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि त्यातले क्रोनोबॅक्टरसारखे जंतू लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतात. तेव्हा प्लॅस्टिकच्या भीतीने पाणी कोमट करू नका. जंतूंचा धोका आजचा आणि खरा आहे. स्वच्छ केलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गरम पाण्यातच दूध कालवा, पाजण्याइतकं निवू द्या आणि मग बाटलीत ओता. उकळून निर्जंतुक केलेली प्लॅस्टिकची बाटली आधी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळून घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत मायक्रोवेव्हने दूध तापवू नका.

टीदर निवडताना साधेपणा बघा. एकसंध, जोड नसलेलं सिलिकॉन किंवा नैसर्गिक रबर, शक्यतो एका रंगाचं. वासाचं, ‘जंतुरोधक’ लिहिलेलं, आत जेल किंवा द्रव भरलेलं नको. द्रव भरलेलं फुटतं आणि आत काय आहे ते कुणी सांगत नाही. हाताला तेलकट लागणारी, नव्या रेनकोटसारखा वास येणारी मऊ वस्तू बाळाच्या तोंडात देऊ नका. सिलिकॉनही डोळे झाकून घेऊ नका. तयार झाल्यावर ते भट्टीत काही तास तापवून आतले सुटे सिलॉक्सेन उडवून द्यावे लागतात. युरोपच्या मानकांत ही उडणारी द्रव्यं 0.5 टक्क्याच्या आत हवीत. घाईत बनवलेल्या मालात ही पायरी गाळली जाते आणि घरी उकळून ती भरून निघत नाही. सिलिकॉन अस्सल आहे का ते ओळखायला पीळ देऊन पांढरी रेघ उठते का बघायचं, ही चाचणी मी विश्वसनीय मानत नाही. उत्पादकाला तपासणी अहवाल मागा. त्यात मॉडेलचं नाव तुमच्याच वस्तूचं आहे का, तारीख कधीची, थॅलेटची यादी किती लांब, आणि नुसता बीपीए तपासला की इतर बिसफेनॉलही, एवढं वाचलंत तरी पुष्कळ कळेल.

हिरड्या दुखतात म्हणून बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं जेल लावू नका. रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता कमी करणारा मेथेमोग्लोबिनेमिया त्यातून होऊ शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी जेलं विकू नयेत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये बजावलं. त्याच वर्षी त्यांनी दात येताना बाळाला घालतात त्या अंबरच्या माळांबद्दलही इशारा दिला: गळ्याला फास बसतो, मणी घशात अडकतो. धुतलेल्या बोटाने हिरडी चोळणं किंवा फ्रीजमध्ये गार केलेला, गोठवलेला नव्हे, साधा टीदर देणं पुरतं.

राहिला थोरला. पॉलिकार्बोनेटची बाटली वर्षभर वापरली, हे तुमच्या मनाला लागून राहिलंय हे प्रश्नातूनच कळतं. बीपीए शरीरात साठून राहत नाही. बहुतेक भाग काही तासांत, उरलेला दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. थॅलेटचंही बरंचसं असंच. तेव्हाचं रसायन आज त्याच्या अंगात नाही, त्यामुळे आता रक्त-लघवी तपासून हाती काही लागणार नाही. तपासलीच तर ती फक्त कालच्या दिवसाची खबर देईल. ‘शरीर शुद्ध करणारे’ म्हणून विकले जाणारे काढे किंवा थेंब त्याला देऊ नका. त्याची वाढ, बोलणं, खेळणं नेहमीसारखं असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या ठरलेल्या भेटींपलीकडे काही करायची गरज नाही. तुम्ही ती बाटली घेतली तेव्हा ती दुकानात उघड विकायला ठेवलेली होती. ती तिथे असू नये, हे बघायचं काम तुमचं नव्हतं. ती बाटली अजून कपाटात असेल तर धाकट्याच्या हाती लागायच्या आत टाकून द्या.